आठ तारांचा क्रम

नेटवर्क बंद पडलं की लोक आधी मला हाक मारतात आणि मग देवाला. सुरतेच्या पांडेसऱ्यात साड्यांवर डिजिटल प्रिंट करणाऱ्या एका युनिटमध्ये मी गेली बरीच वर्षं 'कॉम्प्युटरवाल्या बेन' आहे. कुणी पासवर्ड विसरलं, कुणाच्या कीबोर्डवर चहा सांडला, सगळं माझ्याच गळ्यात. दुसऱ्या मजल्यावर डिझाइन करणारी पोरं-पोरी बसतात, तळमजल्यावर छपाईची मशिनं. वर एक सर्व्हर आहे, त्यात डिझाइनं साठवलेली असतात. खाली दुसरा, तो मशिनांना डिझाइन पुरवतो. दोघांच्या मध्ये एक लांब तार. ती नीट चालत असली की माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि मला ते बरंच वाटतं.

ही हकिकत त्या तारेची आहे, आणि माझ्या नवऱ्याची. त्यांचं नाव मी घेत नाही, म्हणून इथंही 'हे' असंच लिहीन.

हे पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये शेड जुळवायचे. व्यापाऱ्याकडून बोटभर कापडाचा तुकडा यायचा. अगदी तोच रंग हजारो मीटर कापडावर यावा म्हणून कुठला रंग किती टाकायचा, ते हे नुसत्या नजरेनं सांगायचे. वीस वर्षं सांगितलं. मग मिलमध्ये रंग मोजणारं यंत्र आलं. ह्यांना कुणी काढलं नाही, फक्त विचारायचं बंद केलं. हे रोज जायचे, खिडकीजवळच्या उजेडात उभे राहायचे आणि संध्याकाळी परत यायचे. असे चार-पाच महिने गेले. एक दिवस डबा घेऊन निघाले आणि अर्ध्या तासात घरी आले. "आते मी जात नही," एवढंच म्हणाले. हे घरात अहिराणीच बोलतात. माझे वडील सुरतेत बँकेत होते, त्यामुळे मी आपली पुस्तकी मराठी बोलते. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दोघांनीही आपापली भाषा सोडलेली नाही.

मग हे वर्षभर घरी बसले. बसले म्हणजे अक्षरशः बसले. डिंडोलीच्या आमच्या दोन खोल्यांत माणसानं बसून बसून किती बसायचं? मी कामावरून यायचे तेव्हा कपडे धुऊन वाळत घातलेले असायचे. आणि कसे, तर फिका निळा ब्लाउज आणि त्याच्या शेजारी गडद निळी साडी, फिका हिरवा परकर आणि शेजारी गडद हिरवा टॉवेल. मी चिडवायचे, "शेजारीण विचारत होती, दुकान काढलंत का म्हणून." हे शांतपणे म्हणायचे, "फिकं आन् गडद, एकच घरना शेतस." एकाच घरचे आहेत, मग वेगळे का टांगायचे? बाकी दिवसभर ह्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. मला भीती वाटायची. खोटं कशाला सांगू, चीडही यायची. माझा स्वभावच तसा आहे. मला भीती वाटली की ती रागाचे कपडे घालूनच बाहेर येते.

तेवढ्यात आमचं युनिट नव्या इमारतीत हलायचं ठरलं. ठेकेदाराची माणसं पाइपातून तारा ओढून देणार होती, पण प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना कनेक्टर बसवायचं काम उरत होतं. अठ्ठावीस तारा, छप्पन टोकं. मी शेठना म्हटलं, माझे मिस्टर करतील. शेठ म्हणाले, "बेन, तमे कहो एटले थई गयुं." तुम्ही म्हणालात म्हणजे झालंच. मी दाबायचं हत्यार, कनेक्टरची पिशवी आणि वीतभर तार घरी आणली आणि ओट्याशी उभी राहून ह्यांना शिकवलं. वरचं कवच सोलायचं. आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोन एकमेकींना पिळलेल्या. पीळ सोडायचा, त्या सरळ करायच्या, ठरलेल्या क्रमानं लावायच्या, कनेक्टरमध्ये सरकवायच्या आणि दाबायचं.

ह्यांचे हात बघायला हवे होते. वीस वर्षं रंगात काढलेले, नखांच्या कडा कायमच्या जांभळट झालेले हात, पण इतके हलके. मला जे करायला पाच मिनिटं लागतात, ते हे दोन मिनिटांत करू लागले. नव्या इमारतीत जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून बसायचे. सकाळी माझ्या आधी दाढी करून तयार असायचे. तारांना नंबर द्यायचा असतो, तर ह्यांनी नंबराऐवजी प्रत्येक तारेला वेगळ्या शेडच्या कापडाची चिंधी बांधली. कोनफळी, मोरपंखी, डाळिंबी. दोन टोकांना एकच शेड, म्हणजे तार कुठून कुठे गेली ते लगेच कळतं. डिझाइनच्या पोरी खूश झाल्या. त्यातल्या दोन शेडमधला फरक एकीला ओळखू येईना, तर ह्यांनी तिला खिडकीपाशी नेऊन अर्धा तास समजावलं. मी लांबून बघत होते. संध्याकाळी स्कूटरवर मागे बसून मी ऐकत राहायचे आणि हे बोलत राहायचे, युनिटच्या दारापासून थेट घरापर्यंत. त्या पंधरा दिवसांत मला माझा नवरा परत मिळाला होता. याहून वेगळे शब्द माझ्याकडे नाहीत.

प्रत्येक तार मी स्वतः टेस्टरवर तपासली. टेस्टर म्हणजे छोटी डबी. तार जोडली की एकामागून एक आठ दिवे लागतात. एखादी तार तुटली असेल किंवा दोन्हीकडे वेगळ्या जागी लागली असेल, तर दिवा लागत नाही किंवा चुकीचा लागतो. ह्यांच्या अठ्ठावीसही तारांचे आठही दिवे ओळीनं लागले. आम्ही शिफ्ट झालो, काम सुरू झालं. मेल, बिलं, लहानसहान फायली, सगळं सुरळीत होतं.

दिवाळीची सुट्टी संपली, लाभपाचमला मुहूर्त झाला आणि नवीन मोठं मशीन आलं. खालचा सर्व्हरही त्याच्याबरोबर आला. आता वरून खाली मोठमोठी डिझाइनं जायला लागली. आणि ती जाईनात.

जाईनात म्हणजे अगदीच जात नव्हती असंही नाही. तेच तर डोकं फिरवणारं होतं. एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याला "आहेस का?" विचारायचं आणि दुसऱ्यानं "आहे" म्हणायचं, याला आमच्याकडे पिंग म्हणतात. पिंग जात होतं, उत्तर येत होतं. छोटी फाइल जात होती. मोठं डिझाइन पाठवलं की निम्म्यात अडकायचं, कधी जरा पुढे, आणि मग लाल अक्षरं. मशीनवरचे लोक हात बांधून उभे. शेठ दर तासाला येऊन विचारायचे, "बेन, शुं थयुं?"

मी काय काय केलं! दोन कॉम्प्युटरांना चुकून एकच पत्ता दिला गेलाय का, ते पाहिलं. अँटिव्हायरस बंद करून पाहिला. खालच्या सर्व्हरचं नेटवर्क कार्ड बदललं. जिथे सगळ्या तारा येऊन मिळतात तो स्विच बदलला. मशीन विकणाऱ्यांच्या माणसाला फोन केला, तो म्हणाला तुमच्या सर्व्हरमध्ये दोष आहे. सर्व्हरवाल्याला केला, तो म्हणाला मशीनवाल्याला विचारा. चार दिवस हेच. घरी जेवताना हे रोज विचारायचे, "मन्ही तार ते नही ना?" आणि मी रोज म्हणायचे, "नाही हो, तार कशाला असेल? आठ दिवे लागतात." मला तसं वाटतही होतं. ज्याच्यावर माया असते त्याच्यावर संशय घ्यायला आपण सगळ्यात शेवटी जातो.

पाचव्या दिवशी काहीच सुचेना, तेव्हा मी बाजारातून कारखान्यात तयार झालेली लांब तार मागवली. ती जिन्यावरून तशीच खाली सोडली आणि दोन्ही सर्व्हर तिनं जोडले. चार दिवस अडकलेलं डिझाइन मी हात पुसेपर्यंत खाली पोचलं होतं.

मी भिंतीवरची ह्यांची तार उपटली आणि कनेक्टर डोळ्यांजवळ धरला. ते पारदर्शक असतात, आतले रंग दिसतात. फिका केशरी, केशरी. फिका हिरवा, हिरवा. फिका निळा, निळा. फिका तपकिरी, तपकिरी. प्रत्येक फिक्याशेजारी त्याचा गडद.

खरा क्रम तसा नाही. फिक्या हिरव्यानंतर निळा येतो, मग फिका निळा, आणि त्याच्या पुढे हिरवा. कारण तिसऱ्या आणि सहाव्या जागेवरच्या तारा एकमेकींना पिळलेल्या असाव्या लागतात. त्या पिळामुळेच शेजारच्या तारांचा गोंगाट त्यांच्यात शिरत नाही. ह्यांच्या क्रमात तिसऱ्या जागेवर एका जोडीतली तार होती आणि सहाव्या जागेवर दुसऱ्या. थोडं काम असेल तर निभतं. जोराचं काम आलं की निम्मं मध्येच सांडतं. टेस्टरला हे कळत नाही. तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचली एवढंच तो बघतो, ती कुणाशी पिळलेली आहे हे बघत नाही.

मी ह्यांना फोन केला. म्हटलं, जरा या. हत्यार घेऊन या.

हे लगबगीनं आले. स्वच्छ शर्ट घालून, हत्यार पिशवीत घेऊन. आपलं काहीतरी काम पडलंय, बोलावणं आलंय, या आनंदात आले होते. खाली मशीनजवळ शेठ होते, मशीनवरची माणसं होती, डिझाइनच्या दोन पोरी होत्या. चार दिवसांची अपुरी झोप आणि चार दिवसांचे टोमणे माझ्या डोक्यात होते. मी तो कनेक्टर ह्यांच्या तोंडापुढे धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वीस वर्षं रंगात काढली ना? मग आठ रंग धड ओळीत लावता येईनात तुम्हाला? चार दिवस सगळं युनिट खोळंबलंय तुमच्या या शेडकार्डापायी!"

एका पोरीला हसू आलं. मशीनवरचा एकजणही हसला.

ह्यांनी चष्मा लावला. कनेक्टर हातात घेऊन पाहिला. "मन्हं चुकनं," असं शेठकडे बघून म्हणाले आणि कामाला लागले. मी खरा क्रम एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवला आणि पहिलीतल्या पोराला सांगावं तसा वाचून दाखवत राहिले. छप्पन टोकं कापली गेली. त्यांच्याबरोबर कोनफळी, मोरपंखी, डाळिंबी चिंध्याही. ह्यांनी त्या परत बांधल्या नाहीत. मार्करनं नंबर घातले, एक ते अठ्ठावीस. स्कूटरवर त्या संध्याकाळी हे एक शब्द बोलले नाहीत.

घरी आले, भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि मला आठवलं. याच ओट्यापाशी, शिकवलं त्या दिवशी, मला ऑफिसचा फोन आला होता. मी फोन कानाला लावून बोलत असताना ह्यांनी अंगठ्यावर आठ तारा ओळीत धरून माझ्यापुढे केल्या होत्या. "आसंच ना?" मी पाहिल्यासारखं केलं होतं आणि मान हलवून म्हणाले होते, "हो हो, असंच." खरा क्रम कागदावर लिहून द्यायचं मी ठरवलं होतं, तेही राहून गेलं. नंतर अठ्ठावीस तारा टेस्टरवर लावल्या तेव्हा प्रत्येक कनेक्टर माझ्या हातात होता. दिवे बघितले, रंग बघितले नाहीत. चूक माझी होती. दोघांची नाही, फक्त माझी.

त्याच क्षणी बाहेरच्या खोलीत जाऊन सांगायला हवं होतं. चार पावलांवर बसले होते. मी भाकरी थापली.

मग रोज एक सबब. आज दमलेत, आज बाहेर कुणी आलंय, आज त्यांना बरं वाटतंय तर कशाला आठवण काढा. मी एकदा म्हटलं, एका दवाखान्यात सहा तारांचं काम आहे, कराल का? हे नको म्हणाले. परत म्हटलं, तर उठून गॅलरीत गेले. हत्यार पिशवीसकट कपाटावर गेलं. कपडे वाळत घालायचे, पण आता कसेही. मला ती दांडी बघवत नसे. मी आपली हात पुढे करून पुन्हा लावायला जायचे आणि मला ते जमायचं नाही.

महिन्याभरात ह्यांनी एका जुन्या सोबत्याला गाठलं आणि पलसाण्याच्या त्याच मिलमध्ये काम धरलं. शेडचं नाही, तिथं यंत्र आहे. ओल्या कापडाच्या ट्रॉल्या ढकलायच्या, एका मशीनपासून दुसऱ्यापर्यंत. ज्यांना हे रंग सांगायचे, त्यांच्यातलेच काही अजून तिथे आहेत. ओलं कापड किती जड असतं ते त्या कामावर असलेल्यालाच ठाऊक. पन्नाशी उलटलेल्या माणसाचं ते काम नव्हे. मी रडले, भांडले, जायचं नाही म्हणून दारात उभी राहिले. हे म्हणाले, "तठे चूक व्हयनी ते कपडावर दिखस. तुन्ही तारमा काय दिखत नही." तिथं चूक झाली तर कापडावर दिसते तरी. मी दारातून बाजूला झाले.

आता कमरेला पट्टा बांधून जातात. संध्याकाळी येतात तेव्हा पायांची बोटं पाण्यानं पांढरी पडलेली असतात. बोलणं कामापुरतं. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा सांगत नाहीत, तसंच खातात. बायकोला नवऱ्याचं ओरडणं सोसतं, मुकं राहणं सोसत नाही. आणि हे मुकेपण मी माझ्या तोंडानं ओढवून आणलं होतं.

गेल्या महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी मी सांगितलं. हे पाटावर बसून तळव्यांना तेल चोळत होते. मी स्वयंपाकघराचं दार लावलं. सून-मुलगी असं घरात कुणी नाही, तरी लावलं. म्हटलं, "ती चूक तुमची नव्हती. तुम्ही मला तारा दाखवल्या होत्या. मी फोनवर होते. न बघताच हो म्हणाले."

ह्यांचे हात थांबले नाहीत. "माले माहीत शे," म्हणाले.

"माहीत होतं? तेव्हाच?"

"तवयच."

"मग तिथं का बोलला नाहीत? मी एवढं बोलत होते, सगळे हसत होते. सांगायचं ना, हिनंच हो म्हटलं होतं म्हणून."

तेलाची वाटी बाजूला सरकवून ह्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "तठे तुन्ही नोकरी शे," म्हणाले. "मन्ही ते आधीच गयेल व्हती."

मी तिथंच खाली बसले. किती वेळ रडले माहीत नाही. ह्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही, रागही केला नाही. थोड्या वेळानं उठून स्वतःच चहा ठेवला, दोघांचा. मी मनाशी पक्कं केलं की उद्या ऑफिसात सगळ्यांसमोर सांगायचं. ज्यांच्यासमोर बोलले, त्यांच्याचसमोर. वाक्यसुद्धा ठरवलं. "ती चूक ह्यांची नव्हती, माझी होती." एवढंच तर होतं. चहा पिताना मनातल्या मनात दहा वेळा म्हणून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कसलं तरी डिझाइन खाली जायला वेळ लावत होतं. मशीनवरचा एकजण मोठ्यानं म्हणाला, "बेन, मिस्टरने तो हाथ नहीं लगाया ना?" आमच्याकडे हा आता नेहमीचा विनोद झालाय, नेट जरा हळू झालं की कुणीतरी म्हणतंच. डिझाइनच्या पोरी हसल्या. शेठ दारात उभे होते, तेही हसले आणि माझ्याकडे बघायला लागले. वाक्य माझ्या अगदी ओठांवर होतं.

मीही हसले.